गोवंडीहून बेडकांच्या गावी

आज हार्बरची गाडी सोडून द्या. गोवंडी स्टेशनच्या जिन्यावरची ढकलाढकलही विसरा. आपल्याला सरळ खाली उतरायचंय, सहा-साडेसहा कोटी वर्षं खाली. छत्री घ्या, नाकाला रुमाल बांधा आणि जाड तळव्याच्या चपला घाला.

उतरलात? आता जपून. पायाखालचा काळा कातळ लाव्हाचा. तो निवून जमाना झाला, पण उन्हानं असा तापलाय की एका जागी उभं राहवत नाही. लांबवर जमीन फाटून धूर निघतोय. घशात गंधकाची खवखव, दातांखाली राखेची कचकच. अख्खा भारत अजून विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, आशियाला भिडायला अवकाश आहे. डायनासोर मात्र शोधत बसू नका, त्यांची गाडी बहुधा चुकली तुमची.

पश्चिमेला चालत राहा. पुढे जिथं वरळी होणार आहे, तिथं कातळाच्या खोलगट भागात गोडं पाणी साचलंय. घोट्यापर्यंत शिरा. गार, बुळबुळीत चिखल बोटांच्या फटींतून वर येतो, मागोमाग कुजक्या पानांचा वास. आणि मग गर्दी! बेडूक. एकेक जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढा, पण पावलांवरून उड्या काय मारतायत, पोटऱ्यांवर काय आपटतायत, एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन काठ काय गाठतायत! गलका असा की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं.

ओंजळभर पाणी उचला. त्यात तिळाहून बारीक ठिपके वळवळतायत. ते ऑस्ट्राकॉड, दोन झडपांच्या घरात राहणारे जीव. काठावर कासव आहे, त्याला हळूच बोट लावा. हे डोकं सरळ आत ओढून घेत नाही. मान बाजूला मुडपून कवचाच्या कडेखाली दडवतं आणि एका डोळ्यानं तुमच्यावर नजर ठेवतं.

दोन लाव्हांच्या मधली ही मोठी सुट्टी. ऊन, पाऊस, अंडी, पिल्लं, सगळं यथासांग चाललंय. तळाशी गाळ बसतोय, मेलेले जीव त्यात गाडले जातायत. पण आता निघा! पुढचा लाव्हा यायचाय. रेंगाळलात तर तुमचाच जीवाश्म व्हायचा.

वाटेत इंग्रजी अमदानीतल्या वरळीच्या टेकडीवर थांबा. टिकावांचे घाव, घामाचा दर्प, डोळ्यांत धूळ. कातळाखाली काळसर शेल लागलाय. छिन्नी लावली की खारीसारखे पापुद्रे सुटतात. एका पापुद्र्यावर काडीएवढ्या हाडांचा अख्खा बेडूक, तंगड्यांसकट! ‘डायनासोर’ हे नाव ज्यांनी दिलं, त्या रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये या चिमुकल्याचं बारसं केलं: राना पुसिला. 1930 मध्ये नोबल या संशोधकांनी त्याला इंडोबॅट्रेकस हे नवं प्रजातीनाव दिलं. कासवही दगडात सापडलं, त्याच्या शास्त्रीय नावात लीथ नावाच्या डॉक्टरांचं नाव गुंफलंय.

आलात परत? आता हातोडी घेऊन ट्रॉम्बेच्या डोंगराकडे धावू नका. नुसता काळा कातळ फोडून घामच निघेल. उकळत्या लाव्हात कोण नांदणार? जीवाश्म हवे असतील तर दोन कातळांमधला तो भुसभुशीत, पदरापदरांचा थर बघायचा. आग थांबली होती तेव्हा इथं संसार कसे चालले होते, ते सगळं त्यातच लिहिलंय.