वसईची लढाई आणि ऐतिहासिक कादंबरीचे वाचन

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढे वसईचा किल्ला शरण आला. तहानुसार पोर्तुगीजांना कुटुंबकबिल्यासह निघून जाण्याची, तर मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्मपालनाची मुभा मिळाली. साष्टीतील आपले पूर्वज मात्र शेतीवाडी धरून गावीच राहिले. बोरिवलीला मंडपेश्वर येथील फ्रान्सिस्कन मठाचे अवशेष त्या काळाची आठवण देतात.

अशा युद्धात दुभंगलेल्या कुटुंबांची कादंबरी वाचताना तारखा व तहाची कलमे इतिहासग्रंथांतून पडताळावीत. ताटातुटीचे दुःख मात्र कथेतूनच उमगते. एक पक्ष केवळ क्रूर आणि दुसरा केवळ निष्पाप रंगविला असेल, तर सावधपणे वाचावे, असे आम्हांस वाटते. आपण ख्रिस्ती आहोत, तसेच मराठी भाषकही आहोत.