दहावीचा इंग्रजी पेपर: सीमाभागातल्या मराठी शाळांसाठी

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याणपासून कलबुर्गीच्या आळंदपर्यंत घरची भाषा मराठी असलेली अनेक मुलं आहेत. यातल्या मराठी माध्यमाच्या मुलांची दहावी म्हणजे कर्नाटक मंडळाची एसएसएलसी. त्यात पहिली भाषा मराठी १२५ गुणांची. दुसरी भाषा इंग्रजी घेतली तर १०० गुण: ८० लेखी, २० अंतर्गत.

लेखी पेपरात उतारा, पत्र, व्याकरण, कवितेच्या पाठ ओळी येतात. ऐकणं-बोलणं मात्र त्यात नाही. म्हणून चांगले मार्क पडूनही पोरं मुलाखतीत अडखळतात. आंतरराष्ट्रीय शाळांतल्या केंब्रिज आयजीसीएसईत (पहिली परीक्षा १९८८) इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी वेगळा अभ्यासक्रम आहे. त्यात ऐकणं-बोलणंही तपासतात.

आपल्या पोरांना देवनागरी, कन्नड, रोमन अशा तीन लिप्या सांभाळाव्या लागतात. गाईड घोकून घेण्यापेक्षा अर्थ मराठीत समजावा, उत्तर इंग्रजीत बोलून घ्या, मग लिहायला लावा. अंतर्गत २० गुण याच सरावाला वापरता येतील.

आणि एक: वर्षाला एकापेक्षा जास्त परीक्षा होतात. इंग्रजीत राहिला म्हणून पोराची शाळा सोडवू नका.