जोडीदाराचं स्मरण वाचताना: सावित्रीबाईंचं ओतूरचं पत्र

दिवंगत जोडीदाराच्या आठवणी हा विषय घेतलात, की पहिल्यांदा हाताला लागतं ते छापील स्मरण. रमाबाई रानड्यांचं १९१० सालचं पुस्तक तर सगळ्यांनाच माहीत असतं. माझं म्हणणं, त्याच्या वीसेक वर्षं मागे जा, फुल्यांच्या घरात.

१८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला, उजवं अंग लुळं पडलं. तरी ते डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहीत राहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले, आणि पुस्तक १८९१ मध्ये दत्तक मुलगा यशवंत याने छापलं. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं. पुढच्या दोनेक वर्षांत त्यांचं 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' आलं, म्हणजे पत्नीने पद्यात सांगितलेलं पतीचं चरित्र. शूद्रातिशूद्रांची हलाखी, पेशवाई, इंग्रजी अंमल अशा लांबलचक इतिहासात ती जोतीरावांना उभं करते. झोत त्यांच्यावर आहे, आणि तो असणारच. पण नुसतं एवढंच वाचून थांबलात, तर सावित्रीबाई तुम्हाला श्रद्धाळू अनुयायी वाटतील, आणि प्रबंधात तुम्ही तसंच लिहून मोकळे व्हाल.

म्हणून पत्रांकडे या. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात (१९८८) सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आहेत: १८५६, १८६८ आणि १८७७ ची. पहिली दोन माहेरून, नायगावहून. तिसरं २० एप्रिल १८७७ चं, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून. माझ्या मते या विषयासाठी तेच सगळ्यात मोलाचं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. माणसं-जनावरं मरताहेत, ओढे-तळी आटलीत, लोक गाव सोडताहेत, काही जण पोटच्या मुलीही विकताहेत. सावकार हात धुऊन घेताहेत, दंगे होताहेत. (सुप्याचा सावकारांविरुद्धचा दंगा होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, हे ध्यानात ठेवा.) पन्नास सत्यशोधकांना धरून नेलं. कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावलं, तेव्हा चांगल्या स्वयंसेवकांवर खोटे आळ का घेता, त्यांना सोडा, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. माणसं सुटली, आणि कलेक्टरने ज्वारीच्या चार गाड्या पाठवल्या.

आता एक बारीक जागा बघा. डुंबरे पाटील आणि इतर मंडळी भेटायला येणार आहेत, असं कळवून त्या जोतीरावांना सुचवतात: साताऱ्याहून आधी ओतूरला या आणि मग नगरला जा. नवऱ्याच्या दौऱ्याचा रस्ता बायको ठरवतेय! कामाच्या जागेवरून सहकाऱ्याला पाठवलेला हा अहवाल आहे. शेवटी त्या तुमच्या कामातला माझा वाटा मी उचलीन असंही म्हणतात, पण तोवर तो उचलून झालेला असतो.

पत्र मिळालेला माणूस जातो, तेव्हा घरात राहिलेली त्याची पत्रं पुष्कळदा लिहिणारीच्याच हाती येतात. त्यामुळे 'बावन्नकशी' आणि ओतूरचं पत्र शेजारी ठेवून वाचा. एकात ती त्यांच्याबद्दल जगाला सांगतेय, दुसऱ्यात त्यांच्याशी बोलतेय. पहिल्यात तारखा आणि माणसं कमी, मोठेपण जास्त. दुसऱ्यात कोंडाजी आणि उमाबाई या जोडप्याने आपली कशी काळजी घेतली, हेही येतं. अशी नावं वहीत वेगळी टिपून ठेवा. अधिकाऱ्यांच्या कागदांत दुष्काळ म्हणजे पाऊसपाणी, भाव आणि आकडे. दार उघडून पाहुणीला ठेवून घेणारं घर तिथे क्वचितच सापडतं.

आणि हो, याच जुन्नर भागात १८८५ च्या सुमारास कुळांनी ब्राह्मण जमीनदार-सावकारांच्या जमिनी कसायला नकार दिला. त्या चळवळीचा मागोवा घेताना सुरुवात १८८५ पासून करू नका. सत्यशोधकांनी गावोगाव मदतीच्या समित्या कशा उभ्या केल्या होत्या, ते सावित्रीबाईंनी आठ वर्षं आधी ओतूरहून लिहून ठेवलंय.