मुसळ, गिरण आणि कोंडा

साळ कांडून सुपात पाखडली की तिच्या तीन वाटण्या होतात. तूस चुलीत जाते, कोंडा म्हशीच्या आंबोणात जातो आणि तांदूळ माणसांच्या ताटात येतो. ही वाटणी इतकी जुनी आणि सरावाची, की तिच्यात काही चुकत असेल अशी शंका फारशी कुणाला आली नाही. ती शंका नीट तपासली गेली जावा बेटात, कोंबड्यांच्या खुराड्याशी. ती हकीकत आज तुम्हांला सांगावयाची आहे. शिक्षक बंधुभगिनींनी ती वर्गात अवश्य सांगावी. मुलांना कोंबड्यांची गोष्ट आवडते.

आधी रोगाविषयी दोन शब्द. बेरीबेरी हे त्याचे नाव. पाय जड होतात, मुंग्या येतात, मग चालता येईनासे होते. कुणाच्या अंगावर सूज चढते आणि शेवटी हृदय थकते. भात खाणाऱ्या पूर्वेकडच्या मुलखांत हा रोग जुनाच होता. पण एकोणिसाव्या शतकात वाफेच्या गिरण्या आल्या, पांढराशुभ्र तांदूळ स्वस्त झाला आणि रोग फोफावला. बराकी, जहाजे, तुरुंग, मळ्यांवरच्या मजुरांच्या चाळी, जिथे जिथे एकाच कोठीतला तांदूळ शेकडो माणसे खात, तिथे तो हटकून असे.

जपानच्या आरमारातली गोष्ट पाहा. 1882 साली ‘रियुजो’ नावाचे शिकाऊ खलाशांचे जहाज लांबच्या सफरीवर निघाले. जहाजावर 376 माणसे. त्यांपैकी 169 जणांना बेरीबेरी झाली आणि 25 दगावले. ताकाकी कानेहिरो नावाच्या आरमारी डॉक्टरने हट्ट धरला, की दोष अन्नाचा आहे. 1884 साली त्याने ‘त्सुकुबा’ हे दुसरे जहाज त्याच मार्गाने पाठवविले. मात्र शिध्यात नुसत्या भाताऐवजी मांस, कडधान्ये, जव असे पदार्थ दिले. या खेपेला बेरीबेरीने एकही माणूस मेला नाही. ताकाकीला वाटले, अन्नात मांसजातीय सत्त्व कमी पडत होते. कारण चुकले, पण उपाय लागू पडला. दुर्दैव असे, की जपानच्या भूदलाने हे मानले नाही. सैनिकाला पांढरा भात म्हणजे मान, असा त्यांचा समज. 1904-05 च्या रशियाविरुद्धच्या युद्धात त्यांच्या दोन लाखांहून अधिक सैनिकांना बेरीबेरीने पछाडले.

आता कोंबड्यांकडे येऊ. जावा बेट तेव्हा डच लोकांच्या ताब्यात होते. बटाव्हिया, म्हणजे आजचे जाकार्ता, तिथल्या लष्करी इस्पितळाला लागून ख्रिस्तियान आईकमन या डॉक्टरची प्रयोगशाळा होती. बेरीबेरीचे जंतू सापडतात का, हे तो शोधत होता, कारण तो काळच जंतूंचा. ज्याला त्याला प्रत्येक रोगात जंतू दिसे. जंतू काही सापडेनात. पण एके दिवशी पाहतो तो आवारातल्या कोंबड्या लटपटत चालताहेत, पायांत जीव नाही, लक्षणे थेट बेरीबेरीसारखी. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या! हे काय गौडबंगाल म्हणून त्याने चौकशी केली. मधल्या काळात कोंबड्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला, सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात घातला जात होता. (सडलेला म्हणजे नासका नव्हे बरे, मुसळाने सडून गोरा केलेला.) पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना कशाला, म्हणून त्याने तो बंद केला. कोंबड्यांच्या नशिबी स्वस्त, कोंड्यासकटचा तांदूळ आला, आणि त्या हिंडूफिरू लागल्या. सरकारी काटकसरीने रोग बरा झाल्याची अशी उदाहरणे फार नसतील!

कोंबड्यांवरून माणसांचे कसे ठरवावे? आईकमनचा स्नेही फॉर्डरमन हा जावातल्या आरोग्य खात्याचा तपासनीस होता. त्याने शंभराहून अधिक तुरुंगांची पाहणी केली. कैद्यांची संख्या सुमारे 2 लाख 80 हजार. कुठे पांढरा तांदूळ मिळे, कुठे कोंड्यासकटचा. पांढरा तांदूळ खाणाऱ्या तुरुंगांत 39 कैद्यांमागे एकाला बेरीबेरी होती; कोंड्यासकट खाणाऱ्यांत 10,000 कैद्यांमागे एकाला. हे आकडे 1897 साली प्रसिद्ध झाले. इमारतीचा जुनेपणा, हवा, दाटी यांचा संबंध लागतो का तेही त्याने पाहिले, लागला नाही. 1901 साली ग्रिन्स या दुसऱ्या डच डॉक्टरने नेमके बोट ठेवले: पांढऱ्या तांदळात विष नाही, त्यातून काहीतरी आवश्यक वस्तू निघून गेलेली आहे. त्या वस्तूच्या जातीला 1912 साली फुंक या शास्त्रज्ञाने ‘व्हिटॅमिन’ म्हटले, आपण जीवनसत्त्व म्हणतो. तांदळाच्या कोंड्यातून ते शुद्ध रूपात 1926 साली जावातच काढण्यात आले. 1929 साली आईकमनला नोबेल पारितोषिक मिळाले. आचाऱ्याचे नाव कुणी टिपून ठेवलेले नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळे जावा-जपानचे झाले, आपले काय? आपल्याकडे बेरीबेरी होती ती मुख्यतः आंध्रच्या किनाऱ्यावर, जिथे गिरणीचा कच्चा पांढरा तांदूळ खात. त्याच्या दक्षिणेला, केरळात, भातखाऊ लोकच राहतात. तिथे ती नव्हती. कारण तिथे उकडा तांदूळ. आपल्या कोकणात आणि गोव्यात तो घरोघर ओळखीचा. साळ भिजवायची, सालासकट उकडायची, उन्हात वाळवायची आणि मग कांडायची. उकडताना सालीखालचे सत्त्व पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरते, आणि पुढे कांडले तरी बरेचसे आतच राहते. उकड्याच्या पेजेला शहरातले पाहुणे नाक मुरडतात, पण ज्या आजीने हा तांदूळ पिढ्यान्‌पिढ्या रांधला, तिने जीवनसत्त्वाचे नाव न ऐकताही ते घरात राखले होते.

देशावर भाकरी. ज्वारी-बाजरी दळली की कोंडा पिठातच राहतो, म्हणून तिथे ही पंचाईत आली नाही. दक्षिणेत कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन या डॉक्टरने 1920 नंतरच्या दशकात उंदरांना निरनिराळ्या प्रांतांचे जेवण घालून पाहिले. अख्ख्या गव्हाची रोटी, दूध, डाळ आणि भाजी असे शीख कुटुंबाचे जेवण पहिले आले. मराठी जेवण वरच्या बाजूला राहिले. सडलेल्या तांदळावरचे मद्रासी जेवण तळाला गेले. त्या प्रयोगशाळेचीच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

हे ज्ञान खेड्यापर्यंत नेण्याचा मोठा प्रयत्न वर्ध्याला झाला. डिसेंबर 1934 मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, त्याचे ठाणे; कुमारप्पा त्याचे चिटणीस. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, गूळ यांची तिथे नुसती भलामण नव्हती, प्रयोगही चालत. गांधीजी ‘हरिजन’ पत्रातून पॉलिशच्या तांदळाविरुद्ध लिहीत. त्यांच्या मनात दोन गोष्टी होत्या: गिरणीने अन्नातले सत्त्व जाते, आणि खेड्यातल्या बाईची कांडण्याची मजुरीही जाते. दोन्ही खऱ्या.

पण तिसरीही एक गोष्ट खरी आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. उखळात मुसळ उचलून टाकणे हे काम कुणाचे होते? पहाटे कोंबडा आरवण्याआधी उठून दळायचे, मग कांडायचे, मग पाणी, मग चूल. जात्यावर बसून बायकांनी किती दुःख ओव्यांत घातले हे पाहावयाचे असेल, तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी फिरून जमविलेला संग्रह पाहावा. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. माहेरची ओढ, सासुरवास, दुखणारे खांदे, सगळे त्यात आहे. ‘मुसळ गेले आणि बायकांचा व्यायाम गेला’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांतले बहुतेक पुरुष असतात आणि त्यांनी मुसळ हातात धरलेले नसते. व्यायाम म्हणजे आपखुशीने, पोटात अन्न असताना, झेपेल तेवढा करावयाचा. तालमीत जोर मारणाऱ्या गड्याला त्यानंतर दूध मिळते. कांडणाऱ्या बाईला मागाहून उरलेसुरले. गांधीजी साबरमतीला स्वतः जात्यावर बसत, म्हणून त्यांना बोलण्याचा अधिकार होता. बाकीच्यांना तो नाही. गावात गिरण आली त्या दिवशी बायकांनी सुटकेचा श्वास टाकला असेल, तर तो रास्तच होता.

स्वातंत्र्यानंतर सरकारने तोल सांभाळून पाहिला. 1958 साली तांदूळ गिरण्यांच्या नियमनाचा कायदा झाला. नवी गिरण काढावयास परवाना लागे, आणि हातसडीच्या धंद्याचे रक्षण व्हावे हा त्यामागे विचार होता. परंतु बाईला मुसळ नको होते आणि खाणाराला पांढरा भात हवा होता. नैवेद्याला पांढरा, पाहुण्याला पांढरा, लग्नात पांढरा. अशा दोन इच्छांपुढे कायदा काय करणार? 1997 साली तो रद्द झाला. 15 ऑगस्ट 2021 रोजी पंतप्रधानांनी सरकारी योजनांतल्या तांदळात लोह आणि जीवनसत्त्वे मिसळण्याची घोषणा केली. म्हणजे गिरणीत आधी सत्त्व काढावयाचे आणि मग दुसऱ्या कारखान्यात काही सत्त्वे घालावयाची! रक्तक्षयाच्या माऱ्यापुढे तसे करण्याला कारणे होती, हे मान्य. पण हसू आल्यावाचून राहत नाही. तिकडे कोंड्याचे तेल काढून ते आरोग्याचे म्हणून बाटलीत विकले जाते, आणि जो असडीक तांदूळ एके काळी गरिबाचा समजत, तो शहरात पांढऱ्यापेक्षा चढ्या भावाने मिळतो.

आज बेरीबेरी आपल्याकडे क्वचितच दिसते, कारण ताटात भाताबरोबर डाळ, उसळ, शेंगदाणे येतात. आजची काळजी मधुमेहाची आहे. गोऱ्या तांदळाच्या भातातली साखर रक्तात लवकर उतरते. कोंड्यासकटच्या भातातली थोडी सावकाश. तेवढ्यावरून असडीक तांदूळ हे औषध ठरत नाही. तो ढीगभर खाऊन बाजेवर पडून राहिले तर उपयोग शून्य.

तेव्हा करावे काय? मुसळ परत आणण्याची गरज नाही, दोष गिरणीचा नसून किती वेळा सडावयाचे याचा आहे. गिरणवाल्याला सांगा, की तूस काढ आणि एकच हात दे. तो कुरकुरेल, कारण लोक गोरा तांदूळ मागतात अशी त्याला सवय. एकदा सडलेला तांदूळ फार दिवस टिकत नाही, कोंड्यातल्या तेलाला खवट वास येतो आणि कीडही लवकर लागते; म्हणून वर्षाची बेगमी साळीचीच ठेवावी आणि पंधरा दिवसांपुरती काढून आणावी. रांधताना तांदूळ चार पाण्यांनी चोळून धुऊ नये, आणि भात वेळून पाणी ओतून देऊ नये. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि धुवणाबरोबर, वेळलेल्या पाण्याबरोबर पुन्हा म्हशीकडेच जाते. असडीक तांदूळ शिजायला वेळ घेतो, तेव्हा तो रांधण्याआधी तासभर भिजत घालावा आणि त्याच पाण्यात शिजवावा. मुलांना पहिले चार दिवस चव वेगळी लागेल. त्या दिवसांत वर आमटी जरा सढळ हाताने वाढावी.