घराण्याचें खरें भांडवल

कुटुंबाच्या धंद्याचें खरें भांडवल पैसा नव्हे, परस्परांवरील विश्वास होय. इ. स. १८८८ मध्यें लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें. वडील बंधु रामुअण्णा या कामीं त्यांच्या बरोबर होते. त्यांनीं लोखंडी नांगर घडविला. परंतु लोखंडानें जमीन नासते, या समजुतीनें शेतकरी तो घेईनात. गिऱ्हाईक मिळण्यास दोन वर्षें लागलीं. तरी बंधूंनीं धीर सोडला नाहीं. १९१० सालीं औंधच्या राजेसाहेबांनीं दिलेल्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथें शिक्षा भोगून आलेल्यांसहि काम मिळालें. घरांतील विश्वास असा परक्यांपर्यंत पोंचला, म्हणूनच तो कारखाना उभा राहिला. धंदा वारशानें मिळतो. पत मात्र प्रत्येक पिढीनें स्वतः मिळवावयाची असते, हें आपल्या कुटुंबांनीं ध्यानीं धरावें.