शिवेवरचा दगड आणि पडद्यावरचा ठिपका

जमीन कोणी मोजावी आणि मोजल्यावर तिचा हिशेब कोणाच्या हाती राहावा, हा प्रश्न फैजपूरकरांस नवा नाही. खानदेशात इंग्रजांचा अंमल १८१८ साली आला. १८५२ साली सरकारने येथे जमिनीची नवी मोजणी सुरू करण्याचे ठरविले, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतली रयत उठली. शेतकरी हजारोंनी जमले आणि मोजणी बंद करा म्हणून आरडाओरडा करू लागले. शेवटी फौज आणि भिल्ल पलटण आणून पुढाऱ्यांस धरावे लागले, तेव्हा कोठे सरकारला उसंत मिळाली. सरकारी कागदांत या प्रकरणाची नोंद दंगा म्हणून आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे 'दंगा' हा शब्द सरकारी कागदात वाचला की थोडे थांबतो आणि लोक कशासाठी जमले होते ते पाहतो.

लोकांस साखळीचा राग नव्हता. साखळीमागून सारा वाढेल ही भीती होती. आपल्या शेताचे माप परका माणूस घेणार, आपल्यास न वाचता येणाऱ्या कागदावर उतरविणार आणि त्या कागदावरून आपली देणी ठरणार, ही गोष्ट त्यांस उमगली होती. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये जो नकाशा आहे, त्याचा विचार करताना आम्हांस ही १८५२ ची गोष्ट वारंवार आठवते. म्हणून आजचा विषय आम्ही तेथून सुरू केला.

ती मोजणी होती तरी कशी? दख्खनमध्ये प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेला आधीचा प्रयोग फसला होता. माप चुकीचे, आकारणी अवास्तव, आणि शेतकरी गाव सोडून पळाले. मग १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा तुकडा म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फुटांचा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आपण आजही प्लॉटचा भाव गुंठ्यावर बोलतो, तेव्हा ती साखळीच बोलत असते. प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर मिळाला, कोपऱ्यावर दगड बसले आणि सारा ३० वर्षांसाठी ठरला. न्यायाने बोलायचे तर यात शेतकऱ्याचेही हित होते. दरसाल पाटील-कुलकर्ण्यांच्या मर्जीवर असलेला आकडा एकदाचा कागदावर बांधला गेला. मोजणी वाईट होती असे आमचे म्हणणे नाही; ज्यांची जमीन मोजली त्यांस कोणी विचारले नाही, एवढेच म्हणणे आहे.

आणखी एक गोष्ट हरवली. त्याआधी गावाची शीव कोणास ठाऊक असे? महारास. दोन गावांत शिवेचा तंटा उभा राहिला की त्याची साक्ष मोलाची मानीत. ज्याला गावात मान नव्हता, त्याच्या डोक्यात गावाचा नकाशा होता. नकाशा कागदावर गेला तसे त्या ज्ञानाचे मोल गेले. १९५८ च्या कायद्याने ते वतन संपले आणि त्यातली वेठ संपली हे योग्यच झाले. परंतु त्या माणसाच्या माहितीवर काढलेल्या नकाशांत त्याचे नाव कोठेच नाही, हेही लक्षात ठेवावे.

शेत मोजण्याच्या या कामाहून वेगळी एक मोजणी त्याआधीच चालू होती. १८०२ साली मद्रासेजवळ लॅम्बटन याने एक सरळ रेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोण रचीत सबंध हिंदुस्थान मोजावयास घेतला. तो १८२३ साली आपल्या हिंगणघाटास वारला. त्याचे थडगे तेथेच आहे. पृथ्वीवरील प्रत्येक जागेस अक्षांश आणि रेखांश असे दोन आकडे देता येतात आणि ते पुन्हा हुडकून काढता येतात, ही त्या मोजणीची शिकवण. लॅम्बटन आणि एव्हरेस्ट यांची नावे पाठ्यपुस्तकांत आहेत. जड यंत्रे डोंगरावर चढविणारे आणि तापाने मेलेले खलाशी, झेंडेवाले, हमाल यांची नावे तेथे नाहीत.

स्वातंत्र्यानंतर नवे आकडे आले. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगाव सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपालखात्याने सहा आकडी पिनकोड सुरू केला. त्याची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची, आणि हे गृहस्थ संस्कृत कवीही होते. नावांच्या सारखेपणामुळे आणि निरनिराळ्या भाषांमुळे पत्रे चुकत, त्यावर हा तोडगा होता. परंतु पिनकोड आपणांस टपाल कचेरीपर्यंत नेतो. तेथून पुढे घर शोधावयाचे ते पोस्टमनच्या ओळखीने.

आता या काळाकडे येऊ. २००४ साली इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट या तरुणाने 'ओपनस्ट्रीटमॅप' सुरू केला. सरकारी नकाशे वापरण्यावर पैशांची व परवान्याची अट होती. तेव्हा लोकांनीच नकाशा काढावा आणि तो सर्वांचा असावा, असा विचार. २००५ साली गूगलचा नकाशा आला, आणि त्याच वर्षी तो नकाशा आपल्या कार्यक्रमात जोडण्याची सोय बाहेरच्या प्रोग्रॅमरांस मिळाली. आपल्या देशात 'मॅपमायइंडिया' ही कंपनी १९९५ पासून हे काम करीत होती. त्यानंतर टॅक्सी, जेवण, औषधे, मालवाहतूक, एवढेच काय मजुरांची हजेरी, सर्व काही नकाशावरील ठिपक्यावर चालू लागले.

हे यंत्र आतून कसे चालते ते साध्या शब्दांत सांगतो. अ‍ॅप बनविणारा मुलगा नकाशा स्वतः काढीत नाही. तो कंपनीकडून एक किल्ली घेतो. ही किल्ली म्हणजे लांबलचक अक्षरांची ओळख. ती दाखवून त्याचे अ‍ॅप कंपनीच्या यंत्रास प्रश्न विचारते. पहिला प्रश्न : हा पत्ता घे आणि अक्षांश-रेखांश दे. यास जिओकोडिंग म्हणतात. दुसरा उलटा : हे आकडे घे आणि पत्ता सांग. तिसरा : येथून तेथे रस्त्याने किती अंतर, किती वेळ? बहुतेक ठिकाणी प्रत्येक प्रश्नाची मोजदाद होते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे पैसे पडतात.

फैजपूर सुमारे २१ अंश १० कला उत्तर अक्षांशावर आणि ७५ अंश ५१ कला पूर्व रेखांशावर आहे. काही प्रणालींत अक्षांश आधी लिहितात, काहींत रेखांश आधी. नवशिक्याने हे दोन आकडे उलटे टाकले तर फैजपूर नॉर्वेच्याही उत्तरेस बर्फाळ समुद्रात जाऊन पडते! ही चूक हसण्यावारी जाते, कारण ती लगेच दिसते. न दिसणाऱ्या चुका अधिक घातक. पत्ता नीट सापडला नाही तर यंत्र 'ठाऊक नाही' असे क्वचितच म्हणते. ते गावाचा मध्यबिंदू देते. उत्तर किती नेमके आहे, घराचे आहे, रस्त्याचे आहे की केवळ गावाचे, ही माहिती बहुधा उत्तरासोबत येते. पण अ‍ॅपवाला ती वाचीत नाही आणि ठिपका मात्र ठाम उमटतो. आमच्या भागात तर अडचणींस तोटा नाही. फैजपूर हे नाव रोमन लिपीत 'झेड' घालून लिहितात, 'जे' घालूनही लिहितात. सावखेडा, पिंप्री, वडगाव ही नावे एकेका गावाची नाहीत. बुद्रुक आणि खुर्द हा भेद गाळला की माणूस दुसऱ्याच गावी जातो. शेताचा पत्ता म्हणजे गट नंबर, आणि तो या नकाशांस बहुधा ठाऊकच नसतो.

याचा चटका आम्ही पाहिला आहे. केळी भरणाऱ्या मजुरांची एक टोळी एका वाहतूकदाराच्या अ‍ॅपवरून कामाला जात असे. एके दिवशी ठिपक्याने त्यांस खुर्दात उतरविले. घड कापून पडले होते बुद्रुकात. मुकादमाने फोन केला, पायपीट झाली, मजूर पोहोचले तो ऊन डोक्यावर. मालकाने उशीर म्हणून मजुरी कापली. आम्ही बोलणी करावयास गेलो तर उत्तर मिळाले, "अ‍ॅपमध्ये लोकेशन बरोबर दिसते आहे." एक म्हातारा मजूर म्हणाला, "भाऊ, आमाले इचारलं असतं तर आमी सांगितलं असतं." आमच्या मते या सबंध विषयाचे सार त्या वाक्यात आहे.

दुसरे उदाहरण अंतराचे. पैसे किलोमीटरवर मिळत असतील तर अंतर कसे मोजले हा मजुरीचा प्रश्न होतो. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत सरळ रेघ ओढली तर तापीपलीकडचे गाव हाकेच्या अंतरावर दिसते. गाडीस मात्र पूल गाठावा लागतो. १६ आण्यांच्या साखळीत एखादा आणा इकडेतिकडे झाला तर शेतकरी भांडत असे. आज साखळी दिसत नाही, म्हणून भांडण कोणाशी करावे तेच समजत नाही.

अ‍ॅप बनविणाऱ्या तरुणांस म्हणून आमचे काही सांगणे आहे. आमच्या भागातल्या महाविद्यालयांतून अशी मुले दरवर्षी बाहेर पडतात. ती आमचीच मुले आहेत. यंत्राने दिलेले उत्तर किती नेमके आहे ते तपासा आणि ते केवळ गावाचे असेल तर तसे पडद्यावर मराठीत लिहा. ठिपका सरकविण्याचा हक्क जागेवर गेलेल्या मजुरास द्या. पत्त्याबरोबर खूण विचारा : मारुतीचे देऊळ, पाण्याची टाकी, कोणाचा मळा. बुद्रुक-खुर्द गाळू नका. एकच पत्ता शंभरदा विचारू नका. मात्र उत्तर साठविण्यापूर्वी अटी वाचा, कारण मोठ्या कंपन्यांच्या अटींत मिळालेले आकडे कायमचे ठेवण्यास बहुधा मनाई असते. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती साठविता येते. श्रेय द्यावे लागते आणि तीत भर घालून केलेला संग्रह लोकांपुढे ठेवला तर तोही त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो. त्यांच्या फुकट पत्ताशोधक यंत्रास सेकंदास एकाहून अधिक प्रश्न विचारू नये असा नियम आहे. सार्वजनिक विहिरीवर पंप लावावयाचा नसतो, तसेच हे.

किल्लीचा मालक कोण, हाही प्रश्न आहेच. २०१८ च्या जुलैत गूगलने दरपत्रक बदलले आणि पैसे भरण्याचे खाते जोडणे सक्तीचे केले, तेव्हा जगभरच्या लहान अ‍ॅपवाल्यांची धावपळ झाली. २०२४ साली ओलाने स्वतःचा नकाशा बाजारात आणला. त्याच सुमारास गूगलने भारतातील दर ७० टक्क्यांपर्यंत उतरविले. चढाओढ असली की भाव उतरतो, हे बाजारहाट करणाऱ्यास सांगावयास नको. परंतु दुसऱ्याच्या किल्लीवर उघडणारे दार तो केव्हाही बंद करू शकतो. म्हणून सार्वजनिक सोयी हव्यात. २०२१ च्या फेब्रुवारीत सरकारने नकाशे बनविण्यावरील पुष्कळशी बंधने उठविली. २०२५ च्या मे महिन्यात टपालखात्याने 'डिजिपिन' आणला : देशातील सुमारे चार मीटर लांब-रुंद अशा प्रत्येक चौकोनास दहा अक्षर-अंकांची खूण. तिची कृती खुली आहे आणि ती मिळविण्यास कोणाची किल्ली लागत नाही. वेलणकरांनी पत्र टपाल कचेरीपर्यंत आणले, हे पाऊल बांधापर्यंत जाते. तरीही ही खूण जागेची आहे. तेथे कोण राबतो, त्यास काय मिळते, हे ती सांगत नाही.

ते सांगण्याचे काम चळवळीचे. डिसेंबर १९३६ मध्ये याच फैजपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी केली. मनमाडहून शेतकऱ्यांचा जथा पायी चालत येथे आला. सारा आणि खंड कमी करण्याची मागणी येथल्या शेतकी कार्यक्रमात मांडली गेली. १८५२ साली जी गोष्ट आमच्या पणजोबांनी आरडाओरडा करून मागितली आणि तुरुंग पत्करला, तीच ८४ वर्षांनी त्याच मातीत ठरावाच्या भाषेत मांडली गेली. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. ज्याचा मालक रोज बदलतो अशा हमालाचीही नोंद होऊ शकते, त्यासही भविष्यनिर्वाह निधी मिळू शकतो, हे त्या कायद्याने दाखविले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अ‍ॅपवर काम करणाऱ्यांची व्याख्या आली, २०२३ साली राजस्थानने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. म्हणजे वाट नाही असे नाही.

आमची मागणी साधी आहे. ज्या आकड्यावर मजुरी ठरते, तो आकडा मजुरास दिसला पाहिजे. अंतर कसे मोजले ते त्यास कळले पाहिजे. आणि ठिपका चुकला तर त्याचा दंड ठिपका टाकणाऱ्याने भरावा, चालणाऱ्याने नव्हे. १८५२ च्या रयतेने साखळी अडवून धरली, कारण साखळीचे दुसरे टोक तिच्या हाती नव्हते. साखळी मोजावयास दोन माणसे लागतात. नव्या साखळीचे एक टोक आमच्या हाती द्या. मग मोजणीस आमची ना नाही.