जिनसेंग : एका मुळीचा इतिहास

चीन व कोरिया या देशांत जिनसेंगची मुळी प्राचीन काळापासून बलवर्धक म्हणून मान्यता पावलेली आहे. तिच्या चिनी नांवाचा अर्थच ‘मनुष्यमूळ’ असा आहे; कारण तिला फुटलेल्या शाखा माणसाच्या हातापायांसारख्या दिसतात.

इ. स. १७०९ मध्यें बादशहा कांगशी याच्या आज्ञेनें मांचुरियाचा नकाशा तयार करीत असतां जार्तू या फ्रेंच जेझुइट पाद्र्यास कोरियाच्या सीमेजवळ ही वनस्पति पाहावयास मिळाली. ऐकीव स्तुतीवर न विसंबतां त्यानें अर्धी मुळी स्वतः खाल्ली. तासाभरांत नाडी भरीव लागूं लागली व भूक वाढली. पुढें तो घोड्यावर बसवेनासें होण्याइतका थकला, तेव्हांही याच मुळीनें त्यास हुशारी आली. हा अनुभव १७११ सालच्या पत्रांत नमूद करून, तशींच अरण्यें असलेल्या कॅनडांतही ही वनस्पति सांपडावी, असा तर्क त्यानें केला.

तें पत्र कॅनडांतील लाफितो नांवाच्या पाद्र्यानें वाचलें. १७१६ सालीं मॉन्ट्रियलजवळ त्यास जिनसेंगचीच एक भगिनी-जाति आढळली. ती त्यानें एका मोहॉक स्त्रीस दाखवितांच तिनें तत्काळ ओळखली. तिच्या लोकांचें तें नेहमींचेंच औषध होतें!

लौकरच चीनशीं व्यापार सुरू झाला. १७५२ सालीं कॅनडांतून सुमारें ५,००,००० फ्रँकांचा माल गेला. मुळी शरदृतूंत खणावी व सावकाश वाळवावी, हा जाणत्यांचा नियम. परंतु लोभापायीं लोकांनीं ती अवेळीं उपटली आणि भट्टींत घाईनें वाळविली. चिनी गिऱ्हाइकांनीं असला माल नाकारला व १७५४ सालीं विक्री सुमारें ३३,००० वर आली. या अमेरिकन जातीच्या निर्यातीवर १९७५ पासून आंतरराष्ट्रीय कराराचें नियंत्रण आहे.

आधुनिक रसायनशास्त्रानें या मुळींतून ‘जिनसेनोसाइड’ नांवाचीं द्रव्यें निराळीं काढलीं आहेत. थकव्यावर तिचा कांहींसा उपयोग होतो, असें कित्येक प्रयोगांत दिसलें. परंतु ती सर्व रोगांवर रामबाण आहे, हें सिद्ध झालेलें नाहीं. रक्त गोठूं न देणारें वॉरफरिन घेणारांनीं तर डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून ती घेऊंच नये. आपल्याकडील आस्कंदास ‘भारतीय जिनसेंग’ म्हणतात. पण आस्कंद वांग्याच्या कुळांतला, त्याचा हिच्याशीं कांहीं संबंध नाहीं.

सारांश, औषधीचा गुण मुळींत असला, तरी तो पदरांत पडण्यास जाणत्याची पारख आणि धीर हीं दोन्हीं लागतात. कॅनडांतील व्यापार बुडाला तो मुळीच्या दोषामुळें नव्हे; माणसांच्या उतावीळपणामुळें.